‘वाचून दाखवले’ : एका पटकथेच्या प्रकल्प नोंदी

८ सप्टेंबर

आजपासून या पटकथेच्या नोंदी वेगळ्या ठेवते आहे. कामापुरतं नाव ‘वाचून दाखवले’. कोर्टात जबान्या टाईप करणारी पन्नाशीची एक लघुलेखिका. चौदा वर्षांपूर्वी एका साक्षीदाराच्या जबानीत तिने टाईप केलेल्या एका वाक्यावर एक माणूस तुरुंगात गेला. आता तोच साक्षीदार दुसऱ्या एका खटल्यात तिच्यासमोर येऊन उभा राहतो. एवढं ऐकूनच निर्माती म्हणून मी स्क्रिप्ट मागवली होती.

लेखकाने तिसरा ड्राफ्ट पाठवला, ११८ पानांचा. सोबत स्पर्धांचा एक तक्ता: नाव, फी, मुदत, निकाल, शेरा. एका स्पर्धेत उपउपांत्य फेरी, बाकी ठिकाणी पहिल्याच फेरीत बाहेर. दोन ठिकाणी जादा पैसे भरून त्याने वाचकांचं कव्हरेज, म्हणजे लेखी अभिप्राय, तेही घेतलं होतं. दोन्ही मी शेजारी शेजारी ठेवून वाचली.

एक वाचक म्हणतो की निम्मी पटकथा संपेपर्यंत नायिका काहीच करत नाही, सगळं तिच्यावर येऊन आदळतं. दुसऱ्याच्या मते नायिकेचा संयम हीच या लिखाणाची खरी ताकद आहे. ड्राफ्ट एकच, सीनही तेच. पहिला अभिप्राय आल्यावर लेखकाने नायिका स्वतः शोध घेते असे काही सीन घातले. दुसरा आल्यावर त्यातले बहुतेक काढले. एक राहून गेला: रात्री ती रेकॉर्ड रूममधून एक फाइल चोरते. पुढे त्या फाइलचा उल्लेखही नाही.

फोनवर विचारलं, “तिला ती फाइल कशाला हवी होती?”

“ताई, नायिकेने काहीतरी करायला हवं असं त्यांनी लिहिलं होतं.”

दोन्ही वाचकांना मी दोष देत नाही. समोर आलेलं त्यांनी दिलेल्या वेळेत वाचलं आणि प्रामाणिकपणे लिहिलं. पण पुढच्या ड्राफ्टला ते असणार नाहीत, आणि आपल्या शेऱ्यामुळे पटकथेचं काय झालं हे त्यांना कधी कळणारही नाही. मी दुसरा ड्राफ्टही मागवला आहे, कव्हरेज येण्याआधीचा.

१२ सप्टेंबर

लेखकाचा प्रश्न: नवीन ड्राफ्ट झाला की पुन्हा स्पर्धांना पाठवायचा का? फी मी भरावी असं तो म्हणत नाहीये, पण माझं मत हवं आहे. मत द्यायचं तर नीट द्यावं, म्हणून आजचा दिवस याच कामाला दिला.

स्पर्धा सगळ्या एका मापाच्या नाहीत. एका टोकाला निकल फेलोशिप आहे. डॉन निकल हे टीव्हीचे लेखक-निर्माते. त्यांच्या स्मरणार्थ पत्नी जी निकल यांनी दिलेल्या निधीतून ऑस्कर देणाऱ्या अकादमीने ती सुरू केली, आणि पहिल्या फेलोशिप १९८६ मध्ये दिल्या गेल्या. वर्षाला साधारण पाच फेलोशिप, प्रत्येकी ३५,००० डॉलर, आणि त्या वर्षात एक नवी पटकथा लिहून पूर्ण करायची. जिंकलेल्या पटकथेवर अकादमी कसलाही हक्क सांगत नाही. व्यवसायात आधीच जम बसलेल्यांना प्रवेश नसतो. १९९२ च्या फेलोंमध्ये सुझाना ग्रँट होत्या, ज्यांनी पुढे ‘एरिन ब्रॉकोविच’ लिहिला. माइक रिच यांची १९९८ ची विजेती पटकथा म्हणजे २००० साली पडद्यावर आलेला ‘फाइंडिंग फॉरेस्टर’. या फेलोशिपचं नाव पत्रात असलं की एजंट पत्र उघडतो, एवढं तिचं वजन आहे. पण २०१३ मध्ये तिथे ७ हजारांहून जास्त पटकथा आल्या होत्या. सात हजारांतून पाच. हे गणित फी भरण्याआधी करायचं.

पुढे तिथली पद्धतही बदलली. २०२५ पासून अकादमी सर्वसामान्य लेखकांच्या प्रवेशिका थेट घेत नाही. त्या ‘द ब्लॅक लिस्ट’ या संकेतस्थळामार्फत येतात, शिवाय विद्यापीठं आणि लेखकांसाठीच्या कार्यशाळा आपापल्याकडच्या पटकथा पुढे पाठवतात.

‘ब्लॅक लिस्ट’बद्दल लेखकाचा जो गोंधळ होता तो मला बऱ्याच नव्या लेखकांत दिसतो, म्हणून इथे सविस्तर लिहिते. २००५ मध्ये फ्रँकलिन लिओनार्ड एका निर्मितीसंस्थेत काम करत होते. त्यांनी व्यवसायातल्या ओळखीच्या माणसांना विचारलं की अजून न बनलेल्या पटकथांपैकी तुम्हाला सर्वांत आवडलेल्या कोणत्या. त्या उत्तरांची यादी म्हणजे ब्लॅक लिस्ट. तिला अर्ज नाही, फी नाही. ‘स्लमडॉग मिलियनेअर’, ‘द किंग्ज स्पीच’, ‘आर्गो’ आणि ‘स्पॉटलाइट’ हे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळवणारे चार चित्रपट आधी त्या यादीत होते. याच नावाचं संकेतस्थळ २०१२ मध्ये सुरू झालं आणि तिथला व्यवहार निराळा आहे: पटकथा ठेवायला महिन्याचं भाडं, वाचकाचं मूल्यमापन हवं तर त्याचे वेगळे पैसे. संकेतस्थळावर पैसे भरले म्हणजे वार्षिक यादीच्या रांगेत उभं राहिलो, असं लेखकाला वाटत होतं. तसं नाही.

अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या चित्रपट महोत्सवाची पटकथास्पर्धा मला निराळ्या कारणासाठी पटते. १९९४ पासून चालणारा हा महोत्सव मुळात लेखकांच्या संमेलनासाठी ओळखला जातो. पुढच्या फेऱ्यांत पोचलेल्यांना तिथे जाऊन बसता येतं, बोलता येतं. म्हणजे फीच्या बदल्यात समोरासमोर माणसं भेटण्याची शक्यता आहे.

आणि मग मधल्या असंख्य. भारदस्त नाव, वर्षातून चार हंगाम, प्रत्येक हंगामात कथाप्रकारांप्रमाणे गट, प्रत्येक गटाची फी वेगळी, लवकर भराल तर कमी, उशिरा भराल तर जास्त. यातल्या कितीएकींच्या विजेत्यांची नावं शोधली. विजयानंतर त्या नावांचं पुढे काही सापडेना. परीक्षकांच्या जागी ‘उद्योगातील मान्यवर’ एवढंच. त्यात हे बिऱ्हाड कधी हलेल याचाही नेम नसतो. कव्हरफ्लाय या मोठ्या संकेतस्थळावर असंख्य स्पर्धांचे निकाल आणि लेखकांची क्रमवारी ठेवलेली असायची. ऑगस्ट २०२५ मध्ये ते बंद झालं. वर्षानुवर्षं फी भरून मिळवलेले तिथले क्रमांक आता कुणाला दाखवायचे?

लेखकाला कळवलेलं मत: एखादी स्पर्धा, जिच्या विजेत्यांचं पुढे काय झालं हे तुला नावानिशी सांगता येईल. बाकीचे पैसे ठेव. आणि ड्राफ्ट तयार झाला असं तुला वाटेल तेव्हा पाठव, मुदत जवळ आली म्हणून पाठवू नकोस.

१५ सप्टेंबर

तक्त्यातल्या स्पर्धांची नियमावली वाचायला घेतली. फीचा आकडा पहिल्या पानावर ठळक असतो, हक्कांचं कलम कुठेतरी सतराव्या मुद्द्यात.

एका स्पर्धेच्या नियमांत आहे की विजेत्याला मिळणारी रोख रक्कम हीच पटकथेच्या पहिल्या ऑप्शनची किंमत समजली जाईल. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या मुदतीत पटकथा विकत घेण्याचा राखून ठेवलेला हक्क. लेखकाने ती स्पर्धा लढवली होती आणि पहिल्या फेरीत बाहेर पडला होता. मी त्याला ते कलम वाचून दाखवलं. बराच वेळ तो काही बोलला नाही, मग म्हणाला, “जिंकलो असतो तर?” जिंकला असता तर आज मला त्याच्याशी करार करता आला नसता.

बक्षीस आणि खरेदी या दोन गोष्टी वेगळ्या. बक्षीस घेऊन लेखक घरी जातो, पटकथा त्याचीच राहते. खरेदीत किंमत ठरते, मुदत ठरते, पुढच्या लेखनाचे पैसे ठरतात, श्रेय ठरतं. यातलं काही न ठरवता हक्क घ्यायचे आणि त्याला पुरस्कार म्हणायचं, हे मला मान्य नाही.

फी नाही म्हणजे फुकट, असंही नाही. ॲमेझॉन स्टुडिओजने नोव्हेंबर २०१० मध्ये सगळ्यांसाठी दार उघडलं तेव्हा प्रवेशशुल्क शून्य होतं. पण पटकथा चढवली की १८ महिन्यांचा ऑप्शन कंपनीकडे जायचा, विनामोबदला. वर इतर कुणालाही तुमच्या पटकथेचं पुनर्लेखन करून ते तिथे ठेवता यायचं. लेखकांनी याला कडाडून विरोध केला. २०१२ मध्ये मुदत ४५ दिवसांवर आणली गेली आणि इतरांना हात लावू द्यायचा की नाही हे लेखकाच्या हाती दिलं. २०१८ मध्ये ते दार बंद झालं. मोठ्या कंपनीने सहनिर्मितीचा एवढा उघडा प्रयोग केला आणि तिथे नेमकं एक माणूस कमी होतं: लेखकाशी बोलून कोणता बदल घ्यायचा, कोणता सोडायचा हे ठरवणारं, आणि त्याची जबाबदारी घेणारं. तेच तर निर्मात्याचं काम.

लेखकासाठी एक सवय ठरवून दिली. फी भरण्याआधी नियमावली उतरवून घ्यायची आणि तिच्यात ‘ऑप्शन’, ‘प्रथम हक्क’, ‘कायमस्वरूपी’, ‘परवाना’ हे शब्द शोधायचे. सापडले तर पैसे भरण्याआधी मला फोन.

१९ सप्टेंबर

ऑप्शनचा मसुदा वकिलाकडे गेला. मुदत १८ महिने, एकदाच वाढवता येईल आणि त्याचे वेगळे पैसे. ऑप्शनची रक्कम खरेदीच्या ठरलेल्या किमतीतून वजा होईल. मुदत संपली आणि मी खरेदी केली नाही तर सगळे हक्क, मधल्या काळात लिहिलेल्या ड्राफ्टसकट, लेखकाकडे परत. पुनर्लेखनाचे हप्ते वेगळे लिहिले आहेत: एक पूर्ण ड्राफ्ट, एक हलकी सफाई.

सही होण्याआधी मी एकही नोट, म्हणजे बदलाची सूचना, देणार नाही. “आधी जरा बदलून दाखव, मग बघू” असं म्हणत लेखकाकडून वर्षभर फुकट काम करून घेणारे निर्माते मी पाहिले आहेत. स्पर्धेची फी निदान पावतीसकट जाते. ही फी लेखक वेळेत भरतो आणि तिची नोंद कुठेच होत नाही.

२७ सप्टेंबर

सह्या झाल्या. पहिली बैठक झाली. आज ४१ व्या पानाच्या पुढे गेलो नाही आणि त्याची गरजही नव्हती.

त्या पानावर लघुलेखिका आपल्या सहकारिणीला जुन्या प्रकरणाबद्दल सांगते. तीन पानं संवाद. लिहिलेले चांगले आहेत, एकेक वाक्य तोललेलं. साक्षीदार म्हणाला होता, “जिन्यातला दिवा बंद होता.” न्यायाधीशांनी तिला टाईप करायला सांगितलं, “दिवा चालू होता.” तिने ते टाईप केलं. जबानी साक्षीदाराला वाचून दाखवली गेली, त्याने मान डोलावली, सही केली. दिवा चालू होता म्हणून चेहरा दिसला, चेहरा दिसला म्हणून ओळख पटली, ओळख पटली म्हणून शिक्षा.

मी विचारलं, “टाईप करताना तिला माहीत होतं का?”

“काय?”

“की तो ‘बंद’ म्हणाला.”

“ती सांगते ना सहकारिणीला...”

“आज सांगते. तेव्हा? बोटं चालत होती त्या क्षणी तिने ‘बंद’ ऐकलं होतं, की नंतर कधीतरी तिला शंका आली?”

लेखकाने स्क्रिप्ट चाळली. दुसरा ड्राफ्ट चाळला. मग प्रामाणिकपणे म्हणाला की हे ठरवलेलं नाही.

दोन कव्हरेजचं कोडं मला इथे सुटलं. तिला माहीत होतं असं धरून वाचणाऱ्याला तिचं गप्प राहणं भारलेलं वाटतं, म्हणून त्याने संयमाची वाखाणणी केली. तिला माहीत नव्हतं असं धरून वाचणाऱ्याला तीच बाई नुसती बसलेली दिसते. लेखकाने निर्णय घेतला नव्हता, तो वाचकांनी आपापल्या परीने घेतला. आणि त्यांच्या शेऱ्यांनुसार दुरुस्ती करत गेल्याने पटकथा त्या निर्णयापासून आणखी लांब गेली. फाइलची चोरी त्यातूनच आली.

उत्तर मी सुचवलं नाही. माझ्या मनात एक होतं, अजूनही आहे. पण ही बाई मी सांगितलेल्या उत्तरावर उभी राहिली तर पुढच्या प्रत्येक सीनला तो माझ्याकडे बघेल. वहीत एवढंच काम लिहून दिलं: तिला माहीत होतं की नव्हतं, ते ठरव. सीनला हात लावू नकोस.

४ ऑक्टोबर

लेखकाचा फोन नाही. मीही केला नाही.

११ ऑक्टोबर

पानं आली. तिला माहीत होतं.

सहकारिणीबरोबरचा तीन पानांचा सीन गेला. त्या जागी दीड पान, चौदा वर्षांपूर्वीचं कोर्ट. साक्षीदार “बंद” म्हणतो. न्यायाधीश “चालू” सांगतात. टायपिंगच्या कळांचा आवाज थांबतो. न्यायाधीश तिच्याकडे पाहतात, रागाने नाही, नुसतं काय झालं म्हणून. पंखा फिरतो आहे. मग कळा पुन्हा सुरू होतात. संवाद फक्त साक्षीदाराला आणि न्यायाधीशांना, तिला एकही शब्द नाही. आणि पूर्ण पटकथेत ती दुसऱ्यांदा थांबते ते थेट शेवटी.

‘नायिका काही करत नाही’ या तक्रारीचं याहून चांगलं उत्तर मला सुचलं नसतं. टाईप करणं हीच तिची कृती आहे हे पटकथेला आता कळलं आहे. फाइलचोरीचा सीन लेखकाने आपण होऊन काढला.

सीनमध्ये माझं एकही वाक्य नाही आणि ते तसंच राहावं अशी माझी इच्छा आहे. निर्मात्याने किती लिहावं हा वाद फार जुना आहे. एमजीएम या हॉलीवूडच्या स्टुडिओत निर्माते आयर्व्हिंग थालबर्ग लेखकांबरोबर तासन् तास कथाबैठका घ्यायचे, प्रेक्षकांसमोर खेळ करून प्रतिक्रिया बघायचे आणि गरज वाटली तर भाग पुन्हा चित्रित करायला लावायचे. जिवंतपणी त्यांनी पडद्यावर आपलं नाव येऊ दिलं नाही. दुसऱ्या टोकाला डेव्हिड सेल्झनिक, लांबलचक मेमोंसाठी प्रसिद्ध. ‘गॉन विथ द विंड’वर (१९३९) त्यांनी लेखकामागून लेखक बसवले आणि स्वतःही सतत बदल करत राहिले. पडद्यावर पटकथेचं श्रेय एकट्या सिडनी हॉवर्ड यांचं आहे, आणि त्यांना त्यासाठीचं ऑस्कर मरणोत्तर मिळालं. दोघांकडूनही मोठे चित्रपट झाले, त्यामुळे एकच रीत बरोबर असं मी म्हणणार नाही. पण माझ्या हाताशी सेल्झनिकसारखा ताफा नाही. एक लेखक आहे. त्याचं पात्रावरचं प्रेम आटलं तर दुसरा आणून ते भरता येणार नाही.

अमेरिकेतल्या लेखकसंघाचा एक नियम इथे शहाणपणाचा वाटतो. निर्मात्याने किंवा दिग्दर्शकाने लेखनाच्या श्रेयात वाटा मागितला, तर प्रकरण आपोआप लवादाकडे जातं आणि कोणी किती लिहिलं ते कागद वाचून ठरतं. बैठकीत सुचवलेली कल्पना म्हणजे लेखन नव्हे, हे त्यात गृहीत आहे. कल्पना देणं हे निर्मात्याच्या कामातच येतं.

२० ऑक्टोबर

आज वाद झाला, आणि चांगला झाला.

साक्षीदाराच्या मुलाचं उपकथानक काढावं असं माझं मत. ७० ते ९० पानांमध्ये गती पडते. लेखक म्हणाला, “मुलगा काढला तर तो साक्षीदार फक्त खोटं बोलणारा माणूस उरतो.” मी बजेट काढलं, शूटिंगचे दिवस मोजले. तो ऐकेना. मग त्यानेच विचारलं, “ताई, नक्की कुठे कंटाळा आला ते सांगा. पान सांगा.”

बरोबर विचारलं. ‘मुलगा काढ’ हा माझा उपाय होता. माझी तक्रार तेवढी द्यायची आणि उपाय त्याच्याकडे सोपवायचा, हा नियम मी इतरांना सांगत असते. पुन्हा वाचून पान शोधलं: ७८. तिथे मुलगा लघुलेखिकेला भेटतो आणि आपल्याला आधीच माहीत असलेली माहिती सांगतो. तिथून पुढे दहा पानं मी त्याच्यामागे फरफटत गेले होते.

लेखकाने जागच्या जागी तोडगा काढला. मुलगा तिला सांगायला येत नाही, विचारायला येतो. तो लहान होता, वडील कोर्टातून आले त्या दिवशी घरात काय झालं हे त्याला आठवतं, पण कोर्टात काय झालं हे माहीत नाही. म्हणजे आता दोघांकडे अर्धा अर्धा दिवस आहे. उपकथानक राहिलं, सहा पानं कमी झाली.

कव्हरेजच्या तक्त्यात या पानाला ‘रचना’ या रकान्यात ‘बरी’ असा शेरा होता. ‘बरी’ या शब्दाशी भांडता येत नाही. माझ्याशी त्याला भांडता आलं. लेखकाने ज्याच्याशी वाद घालावा आणि तरी दुसऱ्या दिवशी फोन करावा, असं कुणीतरी कामात लागतं.

३ नोव्हेंबर

जुन्या तिसऱ्या ड्राफ्टवर एका स्पर्धेचा निकाल आला: उपांत्य फेरी. लेखक आनंदात होता. मलाही आनंद झाला. एकट्याने लिहिणाऱ्या माणसाला कुणीतरी अनोळखी व्यक्तीने ‘हे वाचावंसं वाटलं’ म्हणणं ही लहान गोष्ट नाही, आणि माझ्यासारखीने तिला लहान करूही नये. असा एक निकाल नसता तर तो कदाचित तिसऱ्या ड्राफ्टपर्यंत पोचलाच नसता.

निकालाच्या पत्रात खाली तीन दुवे होते: सविस्तर अभिप्राय सवलतीत, तज्ज्ञाबरोबर तासभर सल्लामसलत, आणि ‘उद्योगापर्यंत पोचवण्याची’ योजना. तिन्हींना वेगळी फी. अभिनंदनाच्या पत्रात विक्री नसावी. जो पोचला त्याला उद्योगापर्यंत पोचवणं हेच तर स्पर्धेचं वचन होतं, त्याचे पैसे आधीच भरलेले आहेत.

त्याने विचारलं, घेऊ का? मी म्हटलं की या ड्राफ्टवर अभिप्राय घेऊन उपयोग नाही, तो ड्राफ्ट आता अस्तित्वात नाही. निकालाची ओळ मात्र लेखकाच्या परिचयात घालायची. दिग्दर्शकाकडे जाणाऱ्या पत्रात ती एक ओळ असेल.

१७ नोव्हेंबर

पैसे घालू शकणाऱ्या एका गृहस्थांशी बोलणी. त्यांना ‘निर्माता’ हे श्रेय हवं आहे, शिवाय त्यांच्या भाच्यालाही. लेखकाला हे कळल्यावर त्याने विचारलं की मग पटकथेवर नोट्स किती जणांकडून येणार.

रास्त प्रश्न. ‘निर्माता’ या शब्दाखाली कोण कोण येऊन बसतं याला हॉलीवूडही वैतागलं होतं. १९९९ च्या सोहळ्यात ‘शेक्सपिअर इन लव्ह’साठी पाच जण सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर घ्यायला मंचावर गेले, आणि त्यानंतर अकादमीने मर्यादा तीनवर आणली. पुढे प्रोड्युसर्स गिल्ड या तिथल्या निर्मात्यांच्या संघटनेने नावापुढे ‘पी.जी.ए.’ ही अक्षरं लावण्याची पद्धत काढली. पटकथेच्या विकासापासून संकलनापर्यंत निर्मात्याचं काम प्रत्यक्ष कोणी केलं याची छाननी करून ती दिली जातात. नुसता पैसा आणला म्हणून मिळत नाहीत.

पैसा आणणं हे काम मी कमी लेखत नाही, त्याशिवाय चित्रपट होत नाही. त्यासाठी ‘कार्यकारी निर्माता’ हे श्रेय आहे आणि ते मानाचं आहे. गृहस्थांना तसं सांगितलं. पटकथेवरच्या सगळ्या सूचना माझ्याकडे येतील, मी त्या एकत्र करून, परस्परविरोधी असतील तर आधी आपसांत मिटवून, एकाच कागदावर लेखकाला देईन, हे करारात घालणार. दोन वाचकांनी दोन दिशांना ओढल्यावर काय होतं हे या पटकथेने एकदा भोगलं आहे.

भाच्याच्या श्रेयाला नकार कळवला. बोलणी अजून तुटलेली नाहीत.

१ डिसेंबर

वाचन झालं. नाटकातली माणसं, टेबलाभोवती, अभिनय न करता. १०६ पानं. पानामागे एक मिनिट हा ढोबळ हिशोब इथे लागू पडेना, कारण आपली नायिका बोलत नाही आणि तिचे क्षण कागदावर दोन ओळींत संपतात. दीड पानाच्या त्या कोर्टाच्या सीनला पडद्यावर तीन मिनिटं तरी लागतील. वेळापत्रक करताना हे सीनप्रमाणे मोजावं लागणार.

न्यायाधीश वाचणाऱ्या ज्येष्ठ नटांनी “दिवा चालू होता” हे वाक्य इतक्या सहज वाचलं की खोलीतल्या कुणालाच ते खटकलं नाही. लेखकाने न्यायाधीशांना पुढे एका ठिकाणी संशयास्पद केलं होतं, लाच वगैरे. वाचन संपल्यावर त्याने स्वतःच ती ओळ खोडली. न्यायाधीशांनी चुकून ऐकलं. दिवसाच्या शेवटी थकलेल्या माणसाने चुकून ऐकलं आणि चूक दुरुस्त करू शकणारी एकच व्यक्ती खोलीत होती. हे लाचेपेक्षा कितीतरी भयंकर आहे, आणि ते कुठल्याही नोटमधून आलं नाही. एका नटाच्या आवाजातून आलं. नटांना मानधन देऊन बोलावलं होतं. पैसे किती योग्य जागी गेले!

लेखकाने स्पर्धेच्या फीचा तक्ता बंद केला आहे. नवीन ड्राफ्ट एकाच ठिकाणी पाठवायचा ठरलं. तिथल्या विजेत्यांपैकी दोघांचे चित्रपट आम्ही दोघांनी पाहिलेले आहेत, आणि नियमावलीत हक्कांचं कलम स्पष्ट आहे: पटकथा लेखकाची.

१५ डिसेंबर

दिग्दर्शिकेने पटकथा वाचली. हो म्हणाली आहे, एका अटीवर: चौदा वर्षांपूर्वीचा सीन तिला सुरुवातीला नको, आत्ता आहे तिथेही नको. तिला तो साक्षीदाराच्या मुलाच्या भेटीनंतर हवा आहे. मला वाटतं त्याने मधली सगळी पानं नायिकेचं गप्प राहणं प्रेक्षकाला पुन्हा रिकामं वाटेल, पहिल्या वाचकाला वाटलं होतं तसं. दिग्दर्शिकेला वाटतं ते रिकामं वाटायलाच हवं, म्हणजे नंतर मागचं सगळं बदलून दिसेल.

लेखक तिच्या बाजूने झुकतो आहे. मी अजून नाही. दोन्ही क्रमांनी सीनच्या चिठ्ठ्या भिंतीवर लावायच्या असं ठरलं. शनिवारी तिघं बसू. मधल्या पानांत लघुलेखिकेच्या हातांचे किती सीन आहेत ते आधी मोजून ठेवायचं, कारण दिग्दर्शिकेचा क्रम घेतला तर त्या पानांचा सगळा भार त्यांच्यावर येईल.

पुनर्लेखनाचा दुसरा हप्ता लेखकाला आज पाठवला. क्रम बदलला तर ते नवीन काम धरायचं, सफाईत नाही. तसं वकिलाला कळवलं.